बेचाळीसपैकी अडतीस

आमच्या नियतकालिकाचं नाव 'देवघेव'.
वर्षाला एक अंक, प्रती दीडशे,
संपादक मंडळ म्हणजे टी.वाय.बी.कॉम.ची आम्ही पाच जणं
आणि एक कपाट, ज्याची किल्ली
नाबर सरांच्या स्कूटरच्या डिकीत असते.
व्यवसायावरचं नियतकालिक, आणि दोन्ही अंक तोट्यात.
वेंगुर्ल्याच्या बाजारात हे सगळ्यांना पाठ आहे.
प्रेसचे आरोलकर 'या, बसा' म्हणायच्या आधी म्हणतात,
"मागची बाकी आसा हां."

तिसऱ्या अंकाला सात निबंध आले.
चार कुठून कुठून उचललेले.
एक काजूच्या टरफलाच्या तेलावर, बरा.
एक आंब्याच्या पेटीत वरचा थर मोठा का, यावर;
लेखकाचे वडील बागायतदार,
त्यामुळे निष्कर्ष जरा गुळगुळीत.
आणि एक विशाखा गिरपचा:
'बंदरावरील लिलावात बांगड्याचा भाव,
बेचाळीस दिवसांच्या नोंदी'.

नोंदी तिने उभ्याने घेतलेल्या.
वहीचे कोपरे फुगलेले, एका पानाला खवला चिकटलेला,
तो जुबेरने नखाने काढला आणि मग
कुठे ठेवायचा ते त्याला कळेना.
आवक किती टोपल्या, वारा कुठला,
बर्फाची गाडी किती वाजता,
पहिली बोली, शेवटची बोली, घेणारी कोण.

जुबेर आमचा आकडेवाला. त्याने आलेख काढला.
रेघ शहाण्यासारखी उतरत गेली, आवक वाढेल तशी,
फक्त चार ठिपके पार तळाला.
आवक तीच, वारा तोच, गिऱ्हाईक तेवढंच,
आणि भाव निम्मा.
"हे चुकलेत. गाळूया."
"चुकले नाहीत," विशाखा म्हणाली.
"मग कारण लिही."
ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली.

त्या चारही दिवशी शेवटची बोली फिलोमिनाची होती.
ऑगस्टात तिच्या नवऱ्याची होडी परत आली होती,
नवरा नाही.
ती टोपलीपाशी आली की बाकीच्या अकराजणी
कुणी पदर खोचतेय, कुणी पान लावतेय,
कुणी उगाच दीपगृहाकडे बघतेय.
आकडा एकीच्याही तोंडून फुटला नाही.
"ठरवलं होतं त्यांनी?"
"कुणी कुणाशी बोललंच नाही. मी तिथे होते.
आईपण होती. घरी विचारलं तर म्हणाली,
माका त्या दिवशी म्हावरां नको होतां."

नाबर सर म्हणाले, याला संगनमत म्हणतात.
प्रकरण सहा. परीक्षेला येतं.
मग ते स्कूटरची किल्ली शोधू लागले,
जी त्यांच्या हातातच होती.

ते गेल्यावर आठवलं, अंक वाचतं कोण.
गेल्या वर्षी विकल्या गेलेल्या एकतीस प्रतींपैकी
दोन ट्रॉलरवाल्या शेठच्या घरी,
आणि यंदा मागचं अख्खं पान त्यांच्या जाहिरातीचं.
टोपल्याही त्यांच्याच.
निम्म्या भावाची उरलेली अर्धी बाजू
त्यांच्या वहीत कुठेतरी पडली असणार,
हेही जुबेर बोलला, आणि खरं होतं ते.

रात्री नऊपर्यंत बसलो.
ठराव कुणी मांडला नाही.
ऋजुता कात्रणं गोळा करत राहिली,
तन्वेशने चहाचे ग्लास दोनदा विसळले,
जुबेर खिडकीबाहेर बघत होता, तिथे फक्त भिंत आहे.
मी मुद्रितात बेचाळीसवर काट मारली,
अडतीस लिहिले, आणि खाली तळटीप:
'वही भिजल्याने चार दिवसांच्या नोंदी उपलब्ध नाहीत.'
वही कोरडी आहे. कपाटात, वरच्या फळीवर.
जुबेरने नवा आलेख काढला.
इतकी सरळ रेघ त्याला आयुष्यात आली नव्हती,
आणि त्याने त्याखाली आपलं नाव घातलं नाही.

सकाळी प्रेसवर आरोलकरांनी चष्मा पुसला.
"बेचाळीसचे अडतीस? चार खंय गेले?"
मी म्हटलं, बाकीत धरा.
म्हणाले, "बाकी आधीच खूप आसा."